मलायावाल्याचं पान

जेवायच्या सुट्टीत डबे उघडून बसणाऱ्या बायकांचा मला तेव्हा मनापासून राग येत असे. प्रत्येकीच्या डब्यात काय निघतं त्यावरून तिच्या सासूची मापं काढली जायची. मला सासू नव्हती, नवरा नव्हता, आणि भाड्याच्या खोलीत सकाळी उठून पोळ्या लाटण्याचा कंटाळा मात्र भरपूर होता. १९७६ सालची ही गोष्ट. वर्ध्याच्या टेलिफोन एक्सचेंजमधे मी ऑपरेटर होते. दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांचे ट्रंककॉल जोडायचे, कानावर पडेल ते ऐकायचं आणि पोटात ठेवायचं, अशी ती नोकरी.

दुपारी बाहेर जेवायचं तर एकट्या बाईला जागा कुठे? स्टेशनसमोरच्या हॉटेलांत शिरलं की चमचे थांबायचे आणि माना वळायच्या. मग कापूस बाजाराच्या मागच्या गल्लीत मला ती पाटी दिसली. एका बाजूला जिनिंगची उंच भिंत, दुसऱ्या बाजूला टायरवाला, आणि दोघांच्या मधे बैलगाडी उभी राहील एवढीच फट. तिच्यावर टिनाचं छप्पर आणि दारावर निळ्या रंगात लिहिलेलं, ‘मलाया भोजनालय’.

आमच्या सुपरवायझर कौशल्याबाईंना मी सहज विचारलं, तर त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. “तिकडे जाऊ नको नलू. तो माणूस बरोबर नाई.”

“म्हणजे कसा?”

“त्याले देव चालत नाई. गल्लीच्या तोंडाशी मारुती आहे, त्याले हा मानूस कधी हात जोडत नाई. पोळा नाई, दिवाळी नाई. अन दुपारचा एकटाच कोनाशी तरी बोलत राह्यते.”

एवढं ऐकल्यावर तिथे न जाणं माझ्या स्वभावात नव्हतं. दुसऱ्याच दिवशी गेले.

भर दुपारी आत अंधार होता. दोन बाकं, चूल, आणि चुलीमागे तो. साठीकडे झुकलेला, हडकुळा. डाव्या गालावर भाजल्याची जुनी खूण, त्या बाजूचा जबडा सरकलेला, बाकी सगळी दाढी. आवाज इतका घोगरा की आधी मला वाटलं, रागावलाच आहे. लोक त्याला प्रेमदासबाबा म्हणायचे. त्यानं न विचारता अॅल्युमिनियमच्या ताटात वाढलं. नारळाच्या दुधात शिजवलेला भात, त्यावर तळलेले शेंगदाणे, कुरकुरीत सुकट, अर्धं उकडलेलं अंडं, काकडीच्या चकत्या आणि बाजूला लालभडक चटणी. मिरची, कांदा आणि चिंच एकत्र परतून केलेली ती चटणी आपल्या वऱ्हाडी ठेच्याच्या नात्यातली असून परकी होती.

“हे काय आहे बाबा?”

“नासी. मलायात सकाळी खातात, गरिबाचं जेवन. तिकडे भातात एका झाडाचं पान टाकतात, वासासाठी. ते इथं भेटत नाई.”

पहिला घास गोडसर लागला आणि मला भात टाकून उठावंसं वाटलं. तिसऱ्या घासाला चटणी कालवली, आणि मग मी ताट चाटूनपुसून साफ केलं. त्या दिवसापासून माझी सोय झाली. स्वस्त, पोटभर, आणि कुणी मान वळवून बघत नाही. हमाल, गाडीवान, टायरवाला बाबाराव असे चारदोन गिऱ्हाईक असायचे, तेही खाली बघून जेवायचे.

कौशल्याबाई मात्र खोटं बोलल्या नव्हत्या. गर्दी ओसरली की दोन बाकांपैकी एक तो रिकामं ठेवायचा, त्यावर कुणाला बसू द्यायचा नाही. आणि भांडी घासता घासता त्या बाकाकडे बघून भलत्याच भाषेत हळू बोलायचा. मधेच थांबायचा, जणू समोरचा उत्तर देतो आहे. मग मान हलवायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नव्हे, पण त्या अंधारात ताट हातात घेऊन बसल्यावर विश्वासाचं काही चालत नाही. आपण जेवतो आहोत आणि समोरच्या बाकावर कुणीतरी उपाशी बसलं आहे, असं वाटत राहायचं. मी एकदा विचारलंच, “कोण बसतं तिथे?”

“माझ्यासंगचे,” तो म्हणाला. “जपान्यानं आमाले जंगलात रेल्वेच्या कामावर नेलतं. तिथंच राह्यले ते. उपाशी गेले.”

याहून जास्त त्यानं सांगितलं नाही.

भाद्रपदात पितृपक्ष लागला. एका दुपारी मी जेवत होते, तर दारात एक शेतकरी माणूस येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, डोक्याला पांढरं फडकं, हातात पिशवी. आत यावं की नाही अशा पायांनी आला आणि माझ्या शेजारी अंग चोरून बसला.

“मलायात होते ते बाबा तुमीच का जी?” त्यानं विचारलं. “बाजारात सांगतलं एकानं. मी लहानू. सेलूच्या तिकडचा, केळझरच्या वाटेवर आमचं गाव.”

चुलीमागे पळी भांड्यावर आपटल्याचा आवाज झाला. प्रेमदासबाबानं मान वर केली नाही. ताट वाढून पुढे केलं आणि पुन्हा चुलीशी जाऊन पाठमोरा बसला. म्हणाला, “आधी जेवा.”

लहानूजी जेवता जेवता बोलत होते. बोलायला आलेल्या माणसाला अडवणारं कुणी नसलं की तो जसा बोलतो तसे. त्यांचा मोठा भाऊ डोमाजी लढाईच्या वेळी पलटणीत भरती झाला आणि मलायात गेला. नवीन लग्न झालेलं. वर्षभरानं पलटणीचा पत्ता लागेना. लढाई संपली, गेलेली दोनचार पोरं परत आली, डोमाजी आला नाही. सरकारनं बेपत्ता म्हणून कळवलं. म्हातारा बाप खंगत चालला, म्हणे पोराचा आत्मा भटकत असेल. मग भावकीनं बसून ठरवलं आणि पळसाच्या पानांची बाहुली करून नदीवर जाळली. प्रेत नसलेल्या माणसाला आमच्याकडे असंच वाटेला लावतात. तेरवी झाली, गावजेवण झालं. आणि वर्षभरात डोमाजीच्या बायकोचा, आनंदाबाईचा, धाकट्या भावाशी पाट लावला. तो धाकटा भाऊ म्हणजे हे लहानूजी.

“चुकलं नाई आमचं काही,” ते म्हणाले. “घरातली बाई घरात राह्यली. पन बाबा, तवापासून पितरपाखात सगळ्यांच्या पानाले कावळा शिवते, दादाच्या पानाले शिवत नाई. दरसाली. आम्ही सांजवरी उपाशी बसतो हात जोडून. कावळा मुंडेरीवर बसते, बाजूच्या पानावरचा वडा नेते, अन याच्या पानाकडे पाह्यतबी नाई.”

“अन घरची मानसं काय म्हनतात?” पाठमोऱ्या माणसानं विचारलं.

“तिनं हाय खाल्ली ना. तिले वाटते, दादाले पाट पसंत नाई. पाट लागला त्याच्या तिसऱ्याचौथ्या साली आमच्या म्हाताऱ्या चुलतीनं दादाले गावच्या शिवेवर पाह्यलं होतं, दिवेलागनीले. उभा राहून घराकडे पाहून राह्यलता म्हणे. म्हातारीची दातखीळ बसली. तवापासून ही सांज झाली का दार लावून घेते. पह्यले पितरपाखात जेवत नोती. यंदा श्रावनापासून अन्नच सोडलं. चहा घेते, बस. डॉक्टर म्हनते रोग काही नाई. मरून जाईन हो ती.”

लहानूजींनी डोळे पुसले. मग ज्यासाठी आले होते ते सांगितलं. त्यांना वाटत होतं, दादा शेवटी तिकडचंच अन्न खात असेल, त्याचा जीव त्यातच अडकला असेल. अमावास्येला त्याच्या पानावर तिकडचं जेवण वाढून बघावं. बाबा करून देतील का?

“सुकट टाकू नको काय?” बाबानं विचारलं. “पितराचं हाये.”

“टाका. दादाले लय आवडे. लहानपनी माझ्या ताटातली उचलून खाये.”

मग प्रेमदासबाबा उठला, पुढे आला आणि लहानूजींसमोर उकिडवा बसला. उजेड त्याच्या पाठीमागे होता, तोंड दिसत नव्हतं.

“मी वळखत होतो डोमाजीले,” तो म्हणाला. “एकाच छावनीत होतो आम्ही. तापानं गेला तो. मी होतो त्याच्यापाशी. जातानी म्हणे, लहानूले सांगजो, माझी बायको उघड्यावर टाकू नको. तूच पाट लाव.”

लहानूजींचा घास हातात राहिला.

“तं मंग तो घास काऊन घेत नाई?”

“निरोप पोचला नोता ना. मी नाई पोचवला. गावाचं नाव विसरलो होतो. दोष माझा हाये, तुमचा नाई. आता पोचला. जाऊन सांगा घरी, तिले म्हना जेव.”

लहानूजी तिथेच ढसाढसा रडले. बाबाचे पाय धरायला वाकले, तर बाबा असा मागे सरकला की चुलीवरचं पातेलं कलंडता कलंडता राहिलं. ते गेल्यावर मी उठले नाही. माझी सुट्टी संपत आली होती, बोर्डवर दिवे लागले असतील, कौशल्याबाई ओरडणार होत्या. पण भात करपल्याचा वास येत असून त्याला कळत नव्हतं. मी पातेलं उतरवलं आणि सरळ विचारलं, “बाबा, हा माणूस तुमचा कोण?”

“तुमी टेलिफोनवाल्या,” तो म्हणाला. “ऐकता, पन सांगत नाई.”

“नाही सांगत.”

“तो माझा लहान भाऊ.”

मग त्यानं सांगितलं, आणि मी आज सांगते आहे ते अशासाठी की आता त्यांच्यापैकी कुणीच राहिलं नाही. रेल्वेच्या कामावरून तो अर्धमेला होऊन निसटला. एका मलायी बाईनं त्याला आपल्या ठेल्यामागे लपवलं, जगवलं. ती नासी विकायची, तिच्याकडूनच तो शिकला. लढाई संपली तरी त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं, आपलं नावही कधीकधी सांगता येत नसे. बरा होऊन, जहाजाचं भाडं जमवून तो निघाला तेव्हा सगळ्यांच्या मागून निघाला होता. सेलूहून गावाकडे एका गाडीवानानं त्याला गाडीत घेतलं. चेहरा बदललेला, गाडीवानानं ओळखलं नाही. वाटेत त्यानं सहज गोष्ट सांगितली, की या गावचा एक पोरगा लढाईत मेला, पळस जाळला त्याचा, भावानं पाट लावला, चांगलं केलं बिचाऱ्यानं.

“शिवेवर उतरलो,” तो म्हणाला. “तिथूनच घर दिसते. ती अंगनात होती. हिरव्या बांगड्या. कडेवर लेकरू. लहानू बैल सोडून राह्यलता. मी काय करू बाई? ज्याचा पळस जाळला तो गावासाठी मेला. मेलेला मानूस घरात शिरला तं घर बसते. अन मी शिरलो असतो तं तिले काय म्हनले असते लोक? चुलतीनं पाह्यलं, ओरडली. मी पळालो. तवाचा इथं आहो.”

“म्हणून देवाला हात जोडत नाही?”

“मेल्या मानसाचा देवाशी काय व्यवहार?”

मला राग आला होता, पण कुणाचा ते सांगता येत नव्हतं. बापानं मायेपोटी पळस जाळला, भावानं जबाबदारीपोटी पाट लावला, यानं लाजेपोटी पाय मागे घेतला, आणि त्या सगळ्या चांगुलपणाखाली एक बाई अन्नावाचून मरत होती. मी म्हटलं, सांगून टाका. एकदाचं काय व्हायचं ते होऊ द्या.

तो जरा हसला. त्या सरकलेल्या जबड्यानं हसू वाकडंच व्हायचं.

“कावळा शिवत नाई म्हणे माझ्या पानाले,” तो म्हणाला. “मले मालूम नोतं. म्हंजे तीस वर्सं कोनाले तरी मालूम होतं बाई, का मी जिता आहो.”

दोन दिवसांनी लहानूजी पुन्हा आले, आणि त्यांच्यामागे पदर कपाळापर्यंत ओढलेली एक बाई. वाळलेल्या तुराटीसारखी. आनंदाबाई. निरोप स्वतःच्या कानानं ऐकल्याशिवाय घास उतरणार नाही म्हणून हट्टानं आली होती. लहानूजी तिला बसवून फवारणीचं औषध आणायला बाजारात गेले. बाकी कुणी नव्हतं. कोपऱ्यात मी होते, आणि मी उठून जायला हवं होतं असं कुणी म्हणेल, तर म्हणू दे.

बाबा भिंतीकडे तोंड करून बसला आणि तीच गोष्ट पुन्हा सांगू लागला. ताप, छावणी, निरोप. ती खाली मान घालून ऐकत होती. मधेच तिनं विचारलं, “पानी कोनं पाजलं त्याले शेवटी?”

“मी पाजलं.”

“काही दुखे काय त्याचं?”

“नाई. झोपल्यावानी गेला.”

मग कितीतरी वेळ ती त्याच्या पाठीकडे बघत बसली. पाठीला खूण नसते, भाजलेला गाल नसतो, दाढी नसते. तिच्या चेहऱ्यावर मला दुसरं काही दिसलं नाही, फक्त पदर हळूहळू कपाळावरून मागे सरला. बाहेर टायरवाल्याची हातोडी चालू होती.

“तुमी जेवले काय?” तिनं विचारलं.

“गिऱ्हाईक झाल्यावर जेवतो मी.”

“आधी जेवा.”

त्यानं ताट घेतलं, भात वाढून घेतला आणि जेवायला बसला. घास गिळताना त्याच्या मानेची शीर वर येत होती. अर्धं जेवून त्यानं ताट बाजूला सारलं. आनंदाबाई उठली. त्याच्या पुढ्यातून ते ताट उचललं, जागेवर बसली आणि त्यात उरलेला भात खाऊ लागली. संपल्यावर पातेल्यातून अजून भात घेतला, त्याच उष्ट्या ताटात, आणि तोही खाल्ला. तिच्या डोळ्यांतून पाणी भातावर पडत होतं आणि ती सावकाश, एकेक शीत वेचून जेवत होती.

आमच्याकडे बाई नवऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवते. दुसऱ्या कुणाच्या ताटात, जीव गेला तरी नाही. त्याला ते ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. मला रडू आवरेना म्हणून मी तोंडात पदर कोंबला.

ताट तिनंच घासलं आणि पालथं ठेवलं. मग हात जोडून, अगदी हळू, म्हणाली, “अमावास्येले पान वाढतो आम्ही. त्याले सांगजा, यंदा घास घे म्हना. लहानू लय चांगला मानूस हाये. पोरी लग्नाच्या हायेत.”

“सांगतो,” तो म्हणाला.

“रागवून नाई म्हनत मी.”

“मालूम हाये.”

लहानूजी आले. बायको जेवली हे ऐकून त्यांना काय करू अन काय नको झालं. अमावास्येच्या सकाळी ते डबा न्यायला येतील असं ठरलं. ती त्यांच्यामागून गल्लीतून गेली, आणि वळणावर मागे पाहिलं नाही. मी बघत होते, म्हणून सांगते.

अमावास्येला मी ड्यूटीवर होते. त्यानंतर दोन दिवसांनी गेले तेव्हा लहानूजी आतच होते, बाकावर मांडी ठोकून, दुसरं ताट चालू. तोंडभर हसू. “शिवला, बाई,” ते मला पाहून पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले. “पान ठेवलं अन हात जोडायच्या आधी कावळा आला. एक नाई, तीनचार. सुकट नेली, भात नेला, पान उडालं छपरावरून. दादा सुटला माझा. घरी आता दोन्ही टाईम जेवते ती. सांजचं दारबी उघडं ठेवते.”

“चांगलं झालं,” प्रेमदासबाबा म्हणाला.

लहानूजी निघाले. दारातून वळून त्यांनी हात जोडले. बाबानंही जोडले, आणि ते दिसेनासे होईपर्यंत खाली आणले नाहीत. मग त्यानं रिकाम्या बाकाकडे बघितलं, पण बोलला नाही काही. त्याच्या ओठांची हालचालसुद्धा झाली नाही. मलाच त्या शांततेत भीती वाटू लागली.

“बाई,” तो म्हणाला, “तुमाले मी दिसतो ना?”

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

“दिसता बाबा. मले भूक लागली आहे. वाढा.”

त्यानं ताट उचललं, फडक्यानं पुसलं आणि भात वाढू लागला.